आशिया पुढे ढकलला आहे

इंदू,

तुझी शोकसभा गेल्या आठवड्यात झाली. तुला ती आवडली नसती. मंडप गणपतीसाठी सांगून ठेवलेला होता, तोच जरा आधी मागवून घेतला, त्यामुळे तुझ्या फोटोमागच्या कनातीवर नाचणारे मोर होते. फोटोही लवकर मिळेना. तू कधी एकटी फोटोला उभी राहिलीच नाहीस. शेवटी मुलींच्या संघाच्या फोटोतून तुझा चेहरा जामखेडच्या फोटोवाल्याने मोठा करून दिला. त्यात तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात आला आहे आणि हाताची मालकीण कापून टाकली आहे. हार घातला तरी तो हात झाकला जाईना. मी सबंध सभा त्या हाताकडे बघत बसले होते.

पहिल्या वक्त्यांनी खर्ड्याच्या लढाईपासून सुरुवात केली. आपल्या गावात येणारा प्रत्येक वक्ता तिथूनच सुरुवात करतो. तू म्हणायचीस, लढाईत पडली त्याहून जास्त माणसं तिच्यावरच्या भाषणांत आडवी झाली आहेत. लढाई जिंकून झाल्यावर ते तुझ्याकडे वळले आणि म्हणाले की तू या गावाला व्हॉलीबॉल दिलास. दुसऱ्यांनी उठून दुरुस्ती केली, फुटबॉल. तिसरे आपल्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. ते म्हणाले, खेळाचं नाव गौण आहे, खर्ड्याची लेक आशिया खंडात खेळणार आहे हे महत्त्वाचं. यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत पडलेल्या टाळ्या मी प्रथमच ऐकल्या. मग दोन मिनिटं शांतता पाळायची होती, ती मध्येच संपली, कारण लाउडस्पीकरवाल्याला तेवढ्यात माइक तपासून घ्यावासा वाटला.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून त्या लेकीचे, मथुरेचे, वडील रामभाऊ उभे होते. रामभाऊ टाळ्या वाजवत नव्हते. टोपी हातात धरून ते माझ्याकडे बघत होते.

सभा मोडल्यावर ते आले. आधी तुझ्याविषयी चांगलं बोलले, घाईने का होईना, पण मनापासून. मग म्हणाले, "बाई, ते आशियाचं काय झालं मग? दसरा आला."

मी म्हणाले, "चौकशी करते."

"करा. इंदूबाईंनी शबुद दिला हुता. आता इचारायचं कुनाला, म्हून तुमाला इचारलं."

ते गेले आणि तेव्हा मला कळलं, इंदू, की तुझा भाऊ येऊन तुझी ट्रंक संगमनेरला घेऊन गेला, पण तुझ्या वस्तूंपैकी सगळ्यात जड वस्तू इथेच राहिली आहे, आणि ती माझ्या नावावर चढली आहे.

*

तू तो चेंडू घेऊन आलीस ती दुपार मला आठवते. पुण्याच्या खेळशिक्षकांच्या उन्हाळी शिबिरातून परतताना वळकटी एस.टी.त विसरून आलीस आणि जाळीच्या पिशवीतला चेंडू मात्र छातीशी धरलेला होता. "हँडबॉल," तू म्हणालीस. मी विचारलं, हाताने खेळायचा नाही असा चेंडूचा खेळ कोणता असतो?

"फुटबॉल. आता शहाणपणा पुरे, चहा टाक."

तू मला सात खेळाडू, अर्धवर्तुळ, तीन पावलं हे सगळं पोलपाटावर पीठ सांडून समजावलंस. अर्धवर्तुळाच्या आत पाय टाकायचा नाही, पण बाहेरून उडी मारून हवेत असताना चेंडू फेकला तर चालतो. मला तेवढा एकच नियम आवडला होता. जमिनीवर जे चालत नाही ते हवेत चालतं, असं मानणारा खेळ मी पहिल्यांदा पाहत होते. अर्थात हे तुला मी सांगितलं नाही. तुला म्हणाले, पीठ भर परत.

गोलच्या खांबांसाठी संस्थेने ठराव केला. ठरावाला लाकूड लागत नाही, त्यामुळे काम तिथेच थांबलं. मग तू गेरूचा डबा घेऊन किल्ल्यावर गेलीस आणि बाहेरच्या तटावर, मैदानाच्या बाजूने, गोलची चौकट रंगवून आलीस. मी इतिहास शिकवते, मला बोलणं भाग होतं. म्हटलं, ही ऐतिहासिक वास्तू आहे. तू म्हणालीस, "सरकारी माणूस बघायला आला की मी पुसते. आलाय का आजवर कुणी?" आला नव्हता. अजूनही आलेला नाही.

भिंतीचा गोल तुला फार पसंत पडला. आपल्याकडे चेंडू एकच होता. भिंतीवर मारला की परत येई, आणायला कुणी पळावं लागत नसे. दगड ओबडधोबड, त्यामुळे कधी डावीकडे येई, कधी उजवीकडे, कधी तोंडावर. मुली फेकायच्या आणि लगेच दोन्ही हात पुढे करून उभ्या राहायच्या. त्यांचे झेल इतके पक्के झाले की तू संध्याकाळी घरी येऊन मला ते हात करून दाखवायचीस. यात काही बिघडतं आहे हे तुझ्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

दुष्काळाच्या वर्षी संघ मोडला. निम्म्या मुली घरच्यांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायला लागल्या. तू शाळा सुटल्यावर त्या कामावर जाऊन बसायचीस. मी म्हणायचे, तिथे खडी आणि माती यांखेरीज काय आहे? एक दिवस तू मलाच ओढत नेलंस. बांधावर बायकांची रांग लागली होती. भरलेली घमेली हातोहात वर जात होती आणि रिकामी घमेली वरून खाली फेकली जात होती, एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. बोलणं चालूच, बघणं फारसं नाही. रांगेच्या मध्यावर एक उंच मुलगी होती. तिच्याकडे येणारं घमेलं ती वाजू देत नसे. बाकीच्यांच्या हातात ते खणकन आदळे, हिच्या हातात आल्यावर नुसतं थांबे.

"बघितलंस?" तू म्हणालीस.

मी म्हणाले, "मथुरा आहे ती. नववीत होती. सनावळ्या पाठ होत नसत."

तू तिला रांगेतून बाहेर बोलावलंस. मुकादम ओरडला, त्याच्याकडे तू पाहिलंही नाहीस. "मथुरे, शाळेत परत येतेस का? चेंडू घमेल्यापेक्षा मऊ असतो."

ती म्हणाली, "आमाला ठाव हाय. आन् भिताडावरनं परत बी येतो. रोज बगते मी जाता-येता."

*

मथुरा शाळेत परत आली, संघ पुन्हा जमला. नगरच्या निवड चाचणीला मी तुमच्याबरोबर आले, कारण मुलींबरोबर दुसरी बाई हवी असा नियम होता. मैदानावर पताका, दोन पाहुणे, बॅज लावलेली माणसं खेळाडूंपेक्षा जास्त. उद्घाटनाच्या भाषणात कुणी खर्ड्याची लढाई काढली नाही एवढंच समाधान. तिथे लोखंडी खांबांचे गोल होते आणि त्यांना खरीखुरी जाळी होती. आपल्या मुली आधी जाऊन जाळीला हात लावून आल्या. मथुरेने विचारलं, "बाई, मासं धरत्यात का ह्यात?"

पहिला चेंडू मथुरेच्या हातात आला. तिने तो असा फेकला की समोरच्या गोलकीपरने हात उचलले ते चेंडू आत गेल्यावर. गोल झाला. लोक ओरडले. आणि मथुरा अर्धवर्तुळाच्या कडेला दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. तिच्यामागे आपल्या बाकीच्या मुलीही हात पुढे करून उभ्या. देवळासमोर प्रसादासाठी उभं राहावं तशी ती रांग चेंडू परत यायची वाट बघत होती. चेंडू जाळीत पडला होता.

लोक हसले. मीही हसले असते, पण तुझा चेहरा पाहिला. पुढचे फेकलेले चेंडू त्यांच्या गोलकीपरने अडवले आणि लांब टाकले. त्यांच्या मुली आपल्या गोलकडे धावत सुटल्या, आणि आपल्या तिकडेच, हात पुढे. आपण किती मागे पडलो ते मी मोजायचं सोडून दिलं.

मध्यंतरात तू मुलींना घोळक्यात घेतलंस. ओरडली नाहीस. "इथं भिंत नाही," म्हणालीस. "फेकलं की गेलं. परत येणार नाही. फेकलं की वळायचं आणि पळत सुटायचं."

मथुरा म्हणाली, "परत येयाचा न्हाई तर फेकायचा कशाला?"

"आत जावा म्हणून."

तिला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. उरलेल्या खेळात ती फेकायची, हात अर्धे वर जायचे, मग स्वतःवरच चिडल्यासारखी वळून धावत सुटायची. सामना आपण हरलो. जाळी मात्र त्यांना तिच्यामुळे दोनदा बांधून घ्यावी लागली.

नंतर जिल्हा हँडबॉल संघटनेचे ते ब्लेझरवाले सचिव आले. नगरच्या त्या उन्हात ब्लेझर घातलेला माणूस मी लांबूनच ओळखून ठेवला होता. ते म्हणाले, "बाई, ही मुलगी शिबिराला हवी. महिलांची आशियाई स्पर्धा भरते आहे बहुतेक. देशाचा संघ निवडायचाय."

आपलं भांडण सुरू झालं ते तिथे. त्या वाक्यातलं तू 'आशियाई' ऐकलंस आणि मी 'बहुतेक'.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "हा खेळ इथे येऊन चार दिवस झाले नाहीत. आशियात कुठल्या देशाच्या बायका हा खेळतात, त्याला विचारायचं होतंस." तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "कुणीतरी पहिल्यांदा खेळतंच ना." पुढचे कित्येक आठवडे शाळेतल्या आशियाच्या नकाशाजवळ मुलींची गर्दी असे. स्पर्धा आधी तेहरानला होती. मग कुणी म्हणालं हाँगकाँग. मग जपान. भूगोलाच्या बाई मला म्हणाल्या, एवढा आशिया माझ्याच्याने कधी शिकवून झाला नव्हता.

*

इथपर्यंत तो खेळ होता. मग मथुरेचं लग्न ठरलं.

मुलगा वाईट नव्हता, हे तूही मान्य केलं होतंस. जामखेडकडच्या गावचा, निर्व्यसनी, कामाला चांगला. रामभाऊ दर वर्षी दसरा झाला की टोळीबरोबर प्रवरेकाठी ऊस तोडायला जातात. तिकडे टोळीत कोयता धरतात तो नवरा-बायकोच्या जोडीचा. एकट्याला मुकादम घेत नाही. म्हणून आपल्या भागातली लग्नं दसऱ्याआधी उरकतात आणि नव्या नवरीचा संसार उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत मांडला जातो. मथुरेचा तसाच मांडला जाणार होता. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ती तिकडची रीत होती, पिकाच्या वेळापत्रकासारखी.

तू रामभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसलीस. आल्यावर मला सगळं नक्कल करून सांगितलंस, स्वतःची फजिती सुद्धा.

"रामभाऊ, पोरगी आशियात खेळायला जाणार."

"आशिया कुठं आलं, बाई?"

"आपण आशियातच आहोत."

"मग जायाचं कुठं?"

शेवटी त्यांनी तुलाच सोडवलं. म्हणाले, "म्हंजी लांब हाय, पन आपलंच हाय. असं म्हना." मग गंभीर झाले. "तुमी शबुद देता?" तू दिलास. त्यांनी पाहुण्यांना विचारलं. पाहुणे म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढे आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल, आमचंही पोरगं एकटं कोयता धरू शकत नाही. यातही काही चूक नव्हतं. या सगळ्या प्रकरणात चूक असं बोट ठेवायला एकही माणूस मला सापडत नव्हता, म्हणून मी तुझ्यावर ठेवलं.

तू आजारी पडलीस तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते, आणि तरी तू रोज विचारायचीस, नगरहून काही कळलं का? एकदा तसंच विचारलंस तेव्हा मी बोलले. म्हणाले, "इंदू, जी स्पर्धा कुणी पाहिली नाही, तिच्या नावावर तू एक मुलगी अडवून ठेवली आहेस. दसरा येईल, स्पर्धा येणार नाही, मुलगा जाईल. मग गाव तिला काय म्हणेल ते तुला ठाऊक आहे."

तू म्हणालीस, "तू खर्ड्याची लढाई पाहिलीस का गं? दर वर्षी शिकवतेस."

"तिला पुरावे आहेत."

"माझ्याकडे मथुरा आहे."

"मथुरा पुरावा नाही. मथुरा मुलगी आहे."

काही सांगावंसं वाटतंय पण सांगायचं नाही, असा तुझा एक चेहरा होता. तो चेहरा करून तू कूस बदललीस आणि म्हणालीस, "उद्या बोलू, वच्छे." दुसऱ्या दिवशी तुला जीपमधून नगरला नेलं. मी तुझं डोकं मांडीवर धरून बसले होते. रस्ता खराब, जीपचा आवाज मोठा. त्या रस्त्यावर कुणी कुणाशी बोलू शकत नाही.

*

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून नगरला गेले. तुझे सचिव भेटले. ब्लेझर खुर्चीला घातलेला होता, ते स्वतः शेजारी शर्टात बसले होते.

"बाई गेल्या? अरेरे. फार उत्साही होत्या."

मी म्हणाले, "आशियाई स्पर्धेचं काय झालं?"

"आहे ना. पुढे ढकलली आहे."

"कधीपर्यंत?"

"ते वरून कळेल."

"वरून म्हणजे?"

त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. वर पंखा होता, बंद.

मी विचारलं, "मग रद्द झाली असं समजायचं का?"

ते दुखावले. "छे, छे. रद्द कशी होईल? अजून ठरलीच नाही, तर रद्द कशी होईल?"

इंदू, मी आयुष्यभर भाषणं ऐकली, सनदा वाचल्या, तहांची कलमं मुलांकडून घोकून घेतली. इतकं निर्दोष वाक्य मला कुठे भेटलं नव्हतं. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. ते मनात धरून मी गाडीत बसले आणि आष्टी येईपर्यंत ठरवत राहिले की रामभाऊंना काय सांगायचं. स्पर्धा आहे म्हणावं तर मी खोटारडी. नाही म्हणावं तर तुझा शब्द खोटा, आणि तू उत्तर द्यायला नाहीस. आठवड्यात मथुरेचं लग्न उरकेल. पुढे ढकलली म्हणावं तर तो माणूस पाहुण्यांना काय सांगणार? जामखेडला गाडी बदलली. खर्ड्याला उतरले आणि रामभाऊंच्या घराकडे न वळता किल्ल्याकडे चालू लागले.

मथुरा तिथेच होती. धाकट्या मुलींना भिंतीवर फेकायला लावत होती. मला पाहून तिने चेंडू काखेत धरला.

"नगरला गेल्ता व्हय, बाई?"

"हो."

"काय म्हनले?"

"पुढे ढकलली म्हणाले. कधी ते माहीत नाही." मग मला राहवलं नाही. "मथुरे, खरं सांगू? मला वाटतं ती स्पर्धा नाहीच."

तिने चेंडू भिंतीवर मारला, झेलला. "मला ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"इंदूबाईंनी. लई आदी. दादाकडं बोलाया येयाच्या आदी."

मी तटातून निखळलेल्या एका दगडावर बसले. ती बोलत होती आणि मधूनमधून फेकत होती, जसं रांगेत घमेली फेकताना बोलायची. "बाई म्हनल्या, मथुरे, स्पर्धा आसंल, न्हाई तर नसंल. मलाच कळंना झालंय. नसली तर सोयरीक जाईल. थांबायचं का न्हाई, तू सांग. मी म्हनलं, थांबायचं. मला यंदा टोळीत न्हाई जायाचं. अकरावी करायची. मी त्यास्नी इचारलं, तुमच्यासारकी शिट्टी वाजवायची नोकरी आमाला मिळंल का? म्हनल्या, मिळंल."

"मग वडिलांना हेच का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, पोरीला न्हाई जायाचं म्हनल्यावर पावनं थांबत्यात व्हय? उलट आजच उरकून टाकत्याल. आशिया म्हनलं म्हून थांबल्यात."

मला तुझा राग आला. मग हे तू मला का सांगितलं नाहीस, याचा विचार केला आणि राग फार वेळ धरता आला नाही. मला सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी रामभाऊंकडे जाऊन सगळं खरं खरं सांगून आले असते, पुराव्यासकट. आपण दोघी ब्लेझर, बॅज, हार-तुरे, आशिया, सगळ्याला हसत आलो. मी नुसती हसले. तू हसता हसता बघून ठेवलंस की त्या थाटामागे एक मुलगी उभी राहील एवढी जागा आहे.

उठणार एवढ्यात रामभाऊ आले. स्टँडवर कुणीतरी मी उतरल्याचं सांगितलं होतं. आधी त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय कळलं, बाई?"

मी ठरवलं, सचिव जे बोलले तेच सांगायचं, त्यात स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. म्हणाले, "स्पर्धा आहे म्हणतात. पुढे ढकलली आहे. कधी ते वरून कळेल."

"रद्द न्हाई ना झाली?"

"अजून ठरलीच नाही, तर रद्द कशी होईल, असं म्हणाले."

रामभाऊंनी टोपी काढून तिच्यातली धूळ झटकली. मथुरेने चेंडू खाली ठेवला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. बापलेकीत काय चाललं होतं मला कळत नव्हतं. त्यांना आधीपासून काय ठाऊक होतं तेही कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

शेवटी ते म्हणाले, "बरं हाय की. मग पावन्यास्नी बी तसंच कळवतो. लगीन हाय. पुढं ढकललंय. कवा ते वरून कळंल."

मी म्हणाले, "आणि वरून म्हणजे कुठून, असं त्यांनी विचारलं तर?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "पावनं येवडं न्हाई इचारत, बाई. तुमीच इचारता."

*

पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. संध्याकाळची गाडी आली की मी खिडकीपाशी जाते. रामभाऊही स्टँडवर उभे असतात, कुणाला न्यायला आल्यासारखे. पाहुणे थांबतात, रागावतात, की चार माणसं घेऊन येतात, कुणाला सांगता येत नाही. दसऱ्याला रामभाऊ आणि त्यांची बायको टोळीबरोबर जातील. तोवर काही बिनसलं नाही तर मथुरा माझ्याकडे राहील. तुझी खाट मी झटकून ठेवली आहे. ती त्या खाटेवर झोपेल की मुकाट्याने तिच्या माणसांमागे बैलगाडीत बसेल, या एका गोष्टीपायी मला सध्या धड वाचताही येत नाही. ज्याची तारीख ठरलेली नाही अशा गोष्टीची वाट बघणं तू कसं करत होतीस, ते विचारायचं राहिलं.

तुझी शिट्टी खिळ्याला आहे. मी एकदा वाजवून पाहिली. आवाज आला, पण मुलींपैकी कुणी वळून बघितलं नाही.

एक बदल केला आहे, तो सांगते. गोल भिंतीवरून काढला. मोकळ्या मैदानात दोन बांबू रोवले आणि वर सुतळी बांधली. मागे काही नाही, थेट माळ आहे. मुली फेकतात आणि सवयीने हात पुढे करून उभ्या राहतात. चेंडू लांब गवतात जाऊन पडतो. ती खोड मोडायची तुझ्याकडून राहून गेली होती. तोवर चेंडू आणायचं काम माझं आहे. माझा देह, माझा दमा आणि माझी नऊवार तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मी चेंडू पोटाशी धरून परत चालत येऊ लागले, तेव्हा मथुरा लांबून ओरडली, "बाई, चेंडू घेऊन तीन पावलांच्या वर चालायचं न्हाई."

म्हणून मी आता तिथूनच फेकते. फार लांब जात नाही. आणि फेकून झालं, चेंडू मुलींनी उचललाही, तरी माझे हात थोडा वेळ पुढेच राहतात.